आल्फी, पूजेची घंटा आणि दोन बेदाणे

पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही चार वर्षांपासून इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. शेजारच्या आजी ८२ वर्षांच्या आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एकटं राहणं जमत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात त्या केअर होममध्ये जातील. तिथं कुत्रा ठेवू देत नाहीत. त्यांचा आल्फी हा यॉर्कशायर टेरियर सात वर्षांचा आणि साडेतीन किलोचा आहे. तो आम्ही घ्यावा अशी त्यांची इच्छा आहे. सध्या आठवड्यातले चार दिवस तो आमच्याकडेच असतो.

माझी नऊ वर्षांची मुलगी खूश आहे, पण तिला खरं तर फोनवर पाहिलेलं ‘टीकप’, म्हणजे चहाच्या कपाएवढं, पिल्लू हवं होतं. नवरा म्हणतो, हे कुत्रं नव्हे, खेळणं. आमच्या मळ्यावर होती ती खरी कुत्री. सासूबाई सहा महिन्यांसाठी तासगावहून आल्या आहेत. आधी त्यांना तो घरात नको होता. आता पूजा झाली की नैवेद्यातले दोन बेदाणे त्या रोज त्याला देतात आणि तो त्यांच्या मागेमागे असतो. मात्र आरतीची घंटा वाजली की घर डोक्यावर घेतो. त्याच्या केसांचा गुंता होतो, तोंडाला वास येतो. दोन-अडीच वर्षांनी आम्ही पुण्याला परतणार आहोत. त्याला घ्यावं का? घेतलं तर काय काय करावं लागेल?

— एक गोंधळलेली

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले आणि पुढचं वाचायच्या आधी तुम्हाला निरोप धाडला: बेदाणे बंद, आणि आल्फीच्या डॉक्टरांना आजच फोन. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. तरी इथं सगळ्यांसाठी पुन्हा लिहिते, कारण देवापुढचा बेदाणा कुत्र्याच्या तोंडात टाकणारे हात मराठी घरांत काही कमी नाहीत.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर होतील, याचा हिशेब मांडता येत नाही. एखादा मूठभर खाऊन शेपूट हलवत फिरतो, दुसरा थोड्याशानं आडवा होतो. साडेतीन किलोच्या जिवाला तर ‘दोनच दिले हो’ म्हणण्यात काही अर्थ नाही. आधी उलट्या, मग मरगळ, खाण्यावरची वासना जाते आणि एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. ती कमी होईपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून खाल्ल्याचं कळलं की लगेच डॉक्टर. तुमच्याकडे चोवीस तास चालणारी ‘ॲनिमल पॉयझनलाइन’ ही फोनसेवाही आहे. पैसे घेतात, पण रात्री दोन वाजता ते पैसे वसूल होतात. आल्फी दिसायला ठणठणीत असला तरी मूत्रपिंडांची रक्ततपासणी एकदा करून घ्या.

मी परळच्या बैलघोड्यात, म्हणजे मुंबईच्या पशुवैद्यक कॉलेजात, शिकले तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. २००० सालाच्या आसपास अमेरिकेतल्या विषबाधांच्या नोंदींवरून हा संबंध लक्षात येऊ लागला. अलीकडे संशय द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा चिंच-गुळाची आमटी त्याच्या भातावर नको. कांदा-लसूण तर नकोच. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. थोडक्यात, फोडणी पडलेलं काही त्याच्या ताटलीत जाऊ नये.

सासूबाईंना हे चूक म्हणून सांगू नका. तासगावच्या माणसानं हातावर बेदाणा ठेवला म्हणजे तुम्हाला आपलं म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. आणि इंग्रज यात काही शहाणे नाहीत. ख्रिसमसचा केक, मिन्स पाय, ईस्टरचे बन सगळे मनुकांनी भरलेले असतात आणि नाताळच्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांकडे या पायी गर्दी होते. देवघराशेजारच्या वाटीत बेदाण्यांऐवजी गाजराचे किंवा काकडीचे नखाएवढे तुकडे ठेवा. आल्फीला प्रसादाशी मतलब, फळाशी नाही.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. ‘हे कुत्रं नव्हे’ हे वाक्य मी दवाखान्यात तीसेक वर्षं ऐकलं. बहुतेक वेळा म्हणणाऱ्याच्या मांडीवरच ते कुत्रं असायचं.

तुम्ही राहता त्या लीड्सपासून ब्रॅडफर्ड आणि हडर्सफील्ड तासाभराच्या आत आहेत. एखाद्या रविवारी यजमानांना तिकडे फिरवून आणा आणि जुन्या लोकरी गिरण्यांच्या इमारती दाखवा. आल्फीचं कुळ तिथलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला यंत्रमाग आले, हातमाग बसले आणि स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांत उतरले. येताना त्यांनी आपली लहान, केसाळ कुत्री आणली. त्यातली काही पेझली गावाकडची, रेशमी केसांची. हे पेझली तुमच्या सासूबाईंना न सांगता कळेल. आपल्या पदरावर जी कोयरी असते, तिला इंग्रजीत ‘पेझली’ म्हणतात ते याच गावावरून, कारण काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर व्हायची. म्हणजे आल्फीचे खापरपणजोबा कोयरी विणणाऱ्यांच्या पायाशी झोपलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

विणकरांना कुत्रं हवं होतं ते उंदरांसाठी. गिरणी म्हटली की उंदीर आणि घुशी आल्याच. आमच्या कॉलेजाभोवती गिरण्यांचे भोंगे वाजायचे, त्यामुळे हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. विणकराच्या खोलीत दोन भिंतींमध्ये बायको, मुलं आणि चूल. तिथं मोठं कुत्रं पाळणार कुठं? लहान चणीचं, कमी खाणारं, अंधारात फटीत शिरून उंदराची मान मोडणारं कुत्रं हे त्यांच्या कामाचं. टेरियर या शब्दातच जमीन आहे. बिळात घुसून शिकार करणारा तो टेरियर. दारूच्या गुत्त्यांत तेव्हा उंदीर मारण्याच्या पैजा लागायच्या. खड्ड्यात उंदीर सोडायचे, कुत्रं उतरवायचं आणि घड्याळ लावायचं. ओंगळ करमणूक होती, पण यजमानांना ‘खेळणं’ या शब्दाचं उत्तर त्यात मिळेल.

या विणकरांनी वंशावळी लिहून ठेवल्या नाहीत. जे चांगलं निघालं त्याचं पिल्लू पुढं चालवलं, एवढाच त्यांचा शास्त्रीय दृष्टिकोन. केस इतके मऊ आणि लांब होत गेले की लोक थट्टेनं म्हणायचे, हे कुत्रं मागावरच विणलेलं दिसतंय. १८६१ साली ही कुत्री प्रदर्शनात आली ती स्कॉच टेरियर म्हणून. मग १८६५ मध्ये ‘हडर्सफील्ड बेन’ जन्मला. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर या बाईंचा हा कुत्रा ७४ बक्षिसं घेऊन बसला, आणि उंदीर मारण्यातही त्याचं नाव होतं. वजनानं तो आल्फीपेक्षा भारी होता. त्याची पिल्लं मात्र लहान निघत आणि रंगरूप त्याचं घेऊन येत, म्हणून आजच्या सगळ्या यॉर्कींचा, म्हणजे यॉर्कशायर टेरियरांचा, तो मूळपुरुष मानला जातो. १८७१ मध्ये, अवघ्या सहाव्या वर्षी, घोडागाडीखाली सापडून तो मेला. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी एका प्रदर्शनाच्या वार्ताहरानं लिहिलं होतं की यांना आता स्कॉच कशाला म्हणायचं, यॉर्कशायरनं यांना घडवलं आहे. नाव चिकटलं. १८८६ मध्ये लंडनच्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, या नावानं स्वतंत्र जात मान्य केली. त्याच साली मुंबईत आमचं पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यानंतर यॉर्की श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला, आखूड पायांना झालर आली, डोक्यावर रिबिनीची शेंडी आली. स्वभाव मात्र गिरणीतलाच राहिला. यजमान एवढ्यावरही ऐकत नसतील तर त्यांना स्मोकीची गोष्ट सांगा. १९४४ च्या फेब्रुवारीत न्यू गिनीच्या जंगलात एका अमेरिकी सैनिकाला खंदकात ही यॉर्कशायर टेरियर कुत्री सापडली. ती तिथं कशी पोचली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बिल विन नावाच्या दुसऱ्या सैनिकानं ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, उंची सात इंच. पुढं फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. नळ होता आठ इंच व्यासाचा, सत्तर फूट लांबीचा, आणि सांध्यांतून माती गळून काही ठिकाणी निम्मा बुजलेला. धावपट्टी खणायची तर तीन दिवस माणसं आणि विमानं उघड्यावर, शत्रूच्या बॉम्बखाली. विननं तिच्या पट्ट्याला दोरी बांधली, स्वतः दुसऱ्या तोंडाशी जाऊन बसला आणि तिला हाका मारत राहिला. ती आली. अंधारात, मातीतून, सत्तर फूट. तिच्या मागून तार आली. मळ्यावरच्या कुत्र्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यांच्यातलं कुणी त्या नळात मावलं नसतं.

हाच कुत्रा तुमच्या घरात आहे हे लक्षात ठेवलं की घंटेचं कोडं सुटतं. टेरियरला कानावर पडलेल्या प्रत्येक नव्या आवाजाची खबर द्यायची असते. उंदरांच्या चाहुलीवर कान ठेवणाऱ्यांचा तो वंशज. सकाळी शांत घरात अचानक घंटा घणघणते, सगळे एका कोपऱ्यात जमतात, टाळ्या वाजतात, धूर निघतो. त्याच्या बाजूनं विचार करा, तो भुंकणार नाही तर कोण भुंकणार? त्याला ओरडू नका. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, बरं झालं, हेही माझ्याबरोबर भुंकायला लागले.

असं करा. पूजेची वेळ सोडून दुपारी घंटा कपड्यात गुंडाळा, दुसऱ्या खोलीतून हळू एकदा वाजवा आणि त्याच क्षणी त्याच्यापुढं गाजराचा किंवा उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचा कण ठेवा. कण त्यानं भुंकायच्या आधी मिळाला पाहिजे, सगळी गंमत त्यात आहे. दिवसातून दहा-बारा वेळा, एवढंच. दोन-तीन दिवसांनी कापड काढा, मग जवळून वाजवा, मग आरतीच्या वेळी. एका ठरलेल्या चटईवर बसलं की खाऊ, हेही सोबत शिकवा. दोन-तीन आठवड्यांत घंटा वाजली की तो चटईकडं पळेल. हे काम सासूबाईंनी केलं तर सगळ्यात उत्तम, कारण त्याचा जीव त्यांच्यावर आहे आणि नेमानं रोज एक गोष्ट करण्यात त्यांचा हात घरात कुणी धरणार नाही. सोवळ्याची अडचण असेल तर देवघरापुढं लहान मुलांसाठी लावतात ते फाटक लावा. साडेतीन किलोला ते किल्ल्याच्या दरवाजासारखं आहे.

यॉर्कीच्या बाबतीत एक खोड माणसांचीच असते. मोठा कुत्रा गुरगुरला की आपण सावध होतो. हा गुरगुरला की हसतो, उचलतो आणि मुका घेतो. सोफ्यावर मांडीत बसून तो तुमच्या मुलीवर गुरगुरला तर तेव्हाच, न बोलता, त्याला खाली ठेवा. हसू नका. आणि सारखं कडेवर घेऊ नका. त्याला चार पाय आहेत, रोज अर्धा तास चालू द्या, कुंपणाचे वास घेऊ द्या. वास घेण्यात गेलेली दहा मिनिटं त्याच्या डोक्याला थकवतात आणि थकलेला टेरियर कमी बोलतो. पट्टा गळ्यात नको, छातीवरून जाणारा हार्नेस हवा. या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होण्याचा त्रास फार आहे. बदकानं ओरडावं तसा कोरडा खोकला येतो आणि पट्टा ओढला की वाढतो. असा आवाज कधी ऐकलात तर फोनवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा, कारण त्यांच्या टेबलावर तो हमखास खोकणार नाही. मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकणं हे दुसरं दुखणं. चालता चालता दोन पावलं तीन पायांवर उडी मारतो आणि पुन्हा काही झालंच नाही असा चालतो, ते नाचणं नव्हे. दोन्ही दुखण्यांत वजन हा पहिला शत्रू. प्रमाणित वजन ३.२ किलोपर्यंत मानतात; आल्फी थोडा वर आहे, पण आकड्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. बरगड्या हलक्या दाबानं लागल्या पाहिजेत. एवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात आणि आपल्या एका पोळीत शंभराच्या आसपास असतात. म्हणजे ‘एक चतकोर तर दिला’ म्हणताना त्याच्या दिवसाच्या खाण्याचा आठवा ते दहावा हिस्सा त्याला दिलेला असतो. तुपाचं बोट वेगळं.

तोंडाच्या वासाबद्दल तुम्ही सहज लिहिलंय, पण मला बेदाण्यांखालोखाल काळजी त्याचीच वाटते. लांडग्यालाही ४२ दात आणि आल्फीलाही ४२. एवढ्याशा जबड्यात ते चिकटून बसतात, दुधाचे दातही या जातीत अनेकदा न पडता तसेच राहतात, मधे अन्न अडकतं, किटण चढतं, हिरड्या सुजतात. सातव्या वर्षी वास येतो म्हणजे भूल देऊन दात साफ करावे लागणार, काही काढावेही लागतील. ब्रिटनमध्ये हा खर्च चांगलाच जाणवतो आणि आधीपासून असलेलं दुखणं सहसा विम्यात बसत नाही. म्हणून कुत्रा नावावर करून घेण्याआधी दात तपासून खर्चाचा आकडा विचारून घ्या. आजींच्या घरच्यांशी तो मोकळेपणानं बोला. त्यात संकोच कसला. दात साफ झाल्यावर रोज ब्रश, तोही कुत्र्यांच्या पेस्टनं. आपल्या पेस्टमधला फेस तो गिळतो, आणि त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असेल तर ते त्याला विष आहे.

केसांचं त्यामानानं सोपं आहे. यॉर्कीला आतली लव नसते, एकच थर, आपल्यासारखे वाढत राहणारे केस. म्हणून घरभर केस पडत नाहीत, आणि म्हणूनच गुंता होतो, कारण गळलेला केस गळून पडत नाही, उरलेल्यांत अडकतो. जमिनीला टेकणारे केस प्रदर्शनातल्या कुत्र्यांना लखलाभ. त्यांना तेल लावून कागदाच्या पुड्यांत गुंडाळून ठेवतात. तुम्ही अंगभर इंचभर कापून घ्या, डोळ्यांवरचे आणि शेपटीखालचे आणखी आखूड. कंगवा तरी रोज फिरवायचाच, कानामागं, काखेत, मांड्यांच्या आत. कोरड्या केसांवर नको, पाण्याचा हलका फवारा मारून. नऊ वर्षांच्या मुलीला हे काम द्या. तिला आपली वेणी घालून घ्यायला किती वेळ बसवत नाही हे आठवलं की ती त्याच्याशी मऊ हातानं वागेल. लीड्सच्या थंडीत आणि पावसात त्याला कोट घालायला लाजू नका.

मुलीशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पहिली, आल्फीला उभ्यानं उचलायचं नाही. जमिनीवर बसून मांडीत घ्यायचं. या जातीचे पुढचे पाय पेन्सिलीएवढे असतात आणि कडेवरून मारलेल्या उडीत मोडलेले मी पुष्कळ जोडले आहेत. त्या कुत्र्यांच्या घरची मुलं निम्म्या वेळा टेबलाशेजारी उभी राहून कुत्र्यापेक्षा जास्त रडत होती.

दुसरी गोष्ट टीकपची. तशी कुठली जात नाही, कोणताही केनेल क्लब ती मानत नाही. वेतातलं सगळ्यात खुरटं पिल्लू दुसऱ्या खुरट्याशी लावून ही पिल्लं काढतात. टाळू अनेकदा भरलेली नसते, हाडं काडीसारखी, आणि एक वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरून झटके येतात. आईचं सिझेरियनही अनेकदा करावं लागतं. फोटोत कपाशेजारी बसलेलं पिल्लू त्या कपाशेजारी का बसून आहे, याचं उत्तर बऱ्याचदा त्याला चालवत नाही असं असतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाकडून विकण्यावर बंदी आहे. पिल्लू जिथं जन्मलं तिथं, आईसोबत पाहूनच घ्यायचं. फोनवरच्या त्या विक्रेत्याला ‘आई दाखवा’ एवढंच विचारायला मुलीला सांगा. उत्तर ती स्वतःच वाचेल.

आता पुण्याला परतण्याबद्दल. तिथलं ऊन ही मला फार मोठी अडचण वाटत नाही. त्याचं तोंड पगसारखं चपटं नाही, केस कापलेले असतील आणि चालणं सकाळी सातच्या आत उरकलं तर तो पुण्याचा उन्हाळा काढेल. माझी भीती गोचिडांची आहे. त्यांच्यामुळे होणारा ताप पुण्यात बारमाही आहे आणि ब्रिटनहून आलेल्या कुत्र्याच्या रक्ताला त्याची काहीच ओळख नसते. गोचीडनाशक गोळी एक महिनाही चुकवायची नाही. दुसरी गोष्ट पावसाळ्यातला लेप्टो. उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग आणि उंदरांमागं धावायला जन्मलेला कुत्रा, यांची गाठ पडू नये म्हणून त्याची लस दरवर्षी. रेबीजची लस ब्रिटनमध्ये कुत्र्यांना नेहमी देत नाहीत, ती निघण्याआधी द्यावी लागेल. कुत्रा आणायला भारत सरकारच्या पशु संगरोध विभागाचा ना-हरकत दाखला लागतो. दोन वर्षांहून अधिक परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणण्याची सोय आहे, त्यात तुम्ही बसता. नियम बदलत असतात, निघायच्या सहा महिने आधी पाहा. तेव्हा आल्फी साडेनऊ वर्षांचा असेल. यॉर्की बारा ते पंधरा वर्षं जगतो. म्हणजे त्याचं म्हातारपण पुण्यात जाईल, जिने, फटाके, गल्लीतली कुत्री यांच्यासह. हे डोळ्यांपुढं आणून मगच हो म्हणा.

माझं मत विचाराल तर, घ्या. पण एका अटीवर, आणि ती अट प्रेमाची नाही, वेळापत्रकाची आहे. सासूबाई परत गेल्यावर तुम्ही दोघं कामावर असताना तो रोज किती तास एकटा राहणार? चार तासांच्या आत बसत असेल तर घ्या. आठ तास होणार असतील तर आधी दुपारी कुणी येऊन फिरवून आणेल अशी व्यवस्था पाहा. सात वर्षं एकाच बाईच्या पायाशी काढलेला कुत्रा एकटेपणात दार ओरबाडतो, आणि मग शेजारी तक्रार करतात, आणि मग तो तिसऱ्या घरी जातो. तसं होणार असेल तर आत्ताच नाही म्हणणं बरं.

हो म्हणालात तर त्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या चिपची नोंद तुमच्या नावावर करून घ्या, तिथं कायद्यानं ते बंधनकारक आहे. आजींकडून त्याचं अंथरूण न धुता आणा. त्यांची एक वापरलेली शालही मागून घ्या. पहिले काही आठवडे तो खाणं टाकेल, दाराशी बसेल, बसू द्या. आणि केअर होमला विचारा की भेटीला कुत्रा चालतो का. राहायला नाही म्हणणारी पुष्कळ ठिकाणं भेटीला हो म्हणतात. ती न्यू गिनीची स्मोकीसुद्धा बिल विन आजारी पडला तेव्हा लष्करी इस्पितळात त्याला भेटायला गेली आणि मग खाटाखाटांवर फिरून जखमी पोरांना हसवत राहिली. आल्फीला तेवढं जमलं नाही तरी रविवारी एका खाटेपर्यंत जाता येईल.

आजी जाण्याआधी त्यांच्याजवळ बसून एक गोष्ट लिहून घ्या. त्या त्याला रात्री झोपायला कोणत्या शब्दानं बोलावतात? तो शब्द यॉर्कशायरच्या खास बोलीतला असणार. सासूबाईंना तो म्हणून दाखवा आणि त्यांच्या तोंडून कसा येतो ते मला कळवा.